फॉर्म भरण्याआधी

ट्रेनरच्या प्रमाणपत्राच्या रिन्यूअलची तारीख जवळ आली की तुम्ही मुलं-मुली मोबाइल घेऊन माझ्याकडे येता. त्यात चार कोर्स उघडे असतात, प्रत्येकावर सवलतीचा लाल पट्टा, आणि सवलत म्हणे आज रात्री बारालाच संपणार. ती उद्याही असते, पोरी. उद्या नसली तर दिवाळीला असते, नाहीतर एक जानेवारीला. तेव्हा आधी मोबाइल उलटा ठेव आणि तुझी पर्सनल ट्रेनिंगची वही काढ.

वहीत तुझे क्लायंट आहेत. प्रत्येकाच्या नावापुढे वय लिही, चालू असलेल्या गोळ्या लिही आणि कुठे दुखतं ते लिही. मग गेल्या वर्षभरात त्या माणसानं विचारलेला असा प्रश्न आठव, ज्यावर तू ‘बघू या’ म्हणून विषय बदललास. हे ‘बघू या’ ज्या विषयावर सगळ्यांत जास्त वेळा निघालं असेल, तो तुझा पुढचा कोर्स. माझं सांगणं खरं तर एवढंच आहे. बाकीचं म्हणजे त्या वाटेवर पैसे आणि वेळ कुठे वाया जातात, ते.

इतकं सोपं असून कुणी करत नाही, कारण कोर्स आपण आपल्या हौसेनं निवडतो. एखाद्याला केटलबेल आवडते, मग केटलबेलची लेव्हल एक, पुढच्या वर्षी लेव्हल दोन. आणि सकाळी सहाच्या बॅचला समोर कोण? कोथरूडमधल्या पंचावन्न ते सत्तर वयाच्या बायका. निम्म्या जणींचे गुडघे कुरकुरतात, एकदोघींच्या तपासणीत हाडं ठिसूळ निघालेली. हौसेला माझी ना नाही. पण हौसेचा कोर्स हौसेच्या पैशांतून करावा. रिन्यूअलच्या तासांवर पहिला हक्क समोर उभ्या असलेल्या माणसाचा.

वस्ती बदलली की उत्तर बदलतं. हिंजवडी-वाकडच्या सोसायट्यांमधल्या जिममध्ये रात्री नऊनंतर दिवसभर खुर्चीत बसून आलेली मंडळी येतात, मान आणि कंबर धरून. सातारा-सांगलीकडे भरतीची पोरं असतात. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. त्यांना तयार करणाऱ्यानं धावण्याचं आणि ताकदीचं नियोजन शिकावं: आठवड्याला अंतर किती वाढवायचं, नडगी दुखायला लागली की आधी काय कमी करायचं, गोळाफेकीसाठी जोर कुठून काढायचा. बाळंतपणानंतरच्या व्यायामाचं प्रमाणपत्र त्याच्या भिंतीवर छान दिसेल, एवढंच. तुझ्याकडे मात्र दोन नव्या आया येत असतील तर तेच प्रमाणपत्र तुला वर्षभर पुरेल.

तुझी वही न बघताही मी सांगते, तिच्यात मधुमेह आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळानं झालेल्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात देशातल्या मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर निघाली. म्हणजे वेगळा मधुमेहाचा कोर्स केला नाहीस तरी तू मधुमेहींचीच ट्रेनर आहेस. या विषयावरचा कोर्स चांगला की वाईट हे कसं ओळखायचं, ते जरा नीट सांगते, कारण हीच पारख बाकीच्या विषयांनाही लावता येते.

वाईट कोर्स तुला मधुमेहाचे प्रकार शिकवतो, स्वादुपिंडाचं चित्र दाखवतो आणि ‘नियमित व्यायाम करावा’ असं सांगून प्रश्नपत्रिका देतो. चांगला कोर्स गोळ्यांच्या नावांवर येतो. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्या माणसाची साखर व्यायामात एकदम खाली जाण्याची शक्यता कमी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल तर ती शक्यता खरी. साखर ७० च्या खाली गेली की घाम फुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते, बोलणं अडखळतं. आता यात खरी मेख बघ. घाम, थरथर, धडधड ही तर जिममध्ये जोरकस सेट झाल्याचीही लक्षणं! शेजारचा ट्रेनर ‘शाबास, अजून दोन’ म्हणून ओरडत असतो आणि त्या माणसाला सेट थांबवून साखर हवी असते. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर साधारण पंधरा ग्रॅम साखर द्यायची, पंधरा मिनिटांनी ग्लुकोमीटरवर पुन्हा मोजायचं, आणि त्या दिवसाचं सेशन तिथेच संपवायचं. गिळता येत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना. हे ज्या कोर्समध्ये प्रसंग घालून, समोर माणूस उभा करून शिकवतात, तो घे. पायांच्या संवेदना गेलेल्या माणसाला बूट काढून व्यायाम का द्यायचा नाही, डोळ्यांच्या पडद्याचा त्रास असलेल्याला श्वास रोखून जड वजन का उचलू द्यायचं नाही, हे त्यात आहे का तेही बघ.

आणखी एक चाचणी आहे, ती कुठल्याही कोर्सवर चालते. नमुन्याचं प्रकरण मागून घे आणि त्यात हृदयाच्या ठोक्यांबद्दल काय लिहिलंय ते वाच. नुसतं ‘२२० वजा वय’ एवढंच असेल तर पुस्तक मिटव. साठीच्या माणसाला ते सूत्र १६० देतं. २००१ मध्ये आलेलं दुसरं सूत्र, २०८ वजा वयाच्या ०.७ पट, त्यालाच १६६ देतं. आणि प्रत्यक्षातला माणूस या दोन्हींपासून दहा-पंधरा ठोके इकडे-तिकडे सहज असतो. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्याचे ठोके तर गोळीच दाबून ठेवते. तो दमून लाल झालेला असतो आणि घड्याळ म्हणतं, अजून वॉर्म-अपच चाललाय. त्याला ठोक्यांवर पळवायचं नसतं. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी केलेली ६ ते २० ची श्रमाची पट्टी आहे, नाहीतर सरळ बोलण्याची चाचणी: बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, म्हणजे श्रम मध्यम. गोळीचा आणि श्रम मोजण्याचा, हे दोन परिच्छेद ज्या पुस्तकात आहेत ते लिहिणाऱ्यानं खरी माणसं पाहिलीत.

ठिसूळ हाडांसाठीही असाच एक प्रश्न ठेव. ‘मणका ठिसूळ असलेल्या बाईंना क्रंचेस आणि कंबरेतून वाकून पायाचे अंगठे धरणं द्यायचं का?’ कोर्सवाल्यांच्या फोनवरच विचार. ‘हळूहळू द्या’ असं उत्तर आलं तर आभार मानून फोन ठेव. मणका पुढे वाकवणारे, पिळणारे व्यायाम तिथे टाळायचे असतात आणि पाठ सरळ ठेवून ताकद आणि तोल वाढवायचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात पासष्टीच्या पुढच्यांसाठी तोल आणि ताकदीचं काम आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस सांगितलंय. ज्येष्ठांचा कोर्स घेताना त्यात पडण्यापासून वाचवण्याला किती जागा दिलीय ते बघ. खुर्चीवर बसून हात हलवण्याचे चाळीस प्रकार असतील, तर ते करमणुकीला ठीक.

आता कागदांची भानगड. आपल्या धंद्यात दोन जातींचे कागद आहेत आणि जाहिरातीत ते मुद्दाम एकत्र कालवतात. एक तुझा पाया: त्याची परीक्षा असते, नापास होता येतं, ठरावीक काळानं रिन्यूअल लागतं. अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज, नॅझम, एसीएसएम, एनएससीए ही त्यातली नावं तुला पाठच आहेत. त्यांच्या मुख्य परीक्षांना अमेरिकेतल्या एनसीसीए या मंडळाची मान्यता असते. ही मान्यता त्या-त्या परीक्षेला मिळते, अख्ख्या संस्थेला नाही. म्हणून ‘आम्ही एनसीसीए मान्यताप्राप्त’ असं कुणी म्हटलं की एकच विचारायचं: तुमची कुठली परीक्षा? तुला ते विकताहेत त्या शनिवार-रविवारच्या कार्यशाळेला ती मान्यता बहुतेक वेळा नसतेच. नसली म्हणून ती वाईट ठरत नाही. पण पैसे देताना आपण काय विकत घेतोय हे कळलेलं असावं.

दुसरी जात म्हणजे पायावर चढवायचे मजले. इथे पाया कुणाचा आहे यावर हिशेब बदलतो. अमेरिकन कौन्सिलला दोन वर्षांत वीस तासांचं शिक्षण लागतं आणि ते त्याला २.० क्रेडिट म्हणतात. नॅझमचंही दोन वर्षांत २.०, त्यातलं ०.१ सीपीआरचं. एसीएसएमच्या पर्सनल ट्रेनरला तीन वर्षांत ४५ लागतात, पण तिथे एक म्हणजे साधारण एक तास. एकाकडे ०.१ म्हणजे तास, दुसऱ्याकडे १ म्हणजे तास. कोर्सच्या जाहिरातीवर ‘१५ क्रेडिट’ दिसलं की ते कुणाच्या मापानं, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. आणि आपल्या पायाच्या संस्थेच्या मान्य यादीत तो कोर्स आहे का, हे त्या संस्थेच्याच यादीत स्वतः शोध. विकणाऱ्यानं पाठवलेला स्क्रीनशॉट म्हणजे यादी नव्हे.

एनएससीएच्या सीएससीएसबद्दल मुलं फार विचारतात, कारण क्रिकेट आणि फुटबॉलच्या संघांबरोबर काम करायचं स्वप्न असतं. चांगली परीक्षा आहे, कठीण आहे, तिचे शास्त्राचा आणि प्रत्यक्ष कामाचा असे दोन भाग आहेत. पण तिला पदवी लागते. बारावीवर थांबलेल्या मुलानं त्या पुस्तकावर पैसे घालण्याआधी मुक्त विद्यापीठाचा का होईना, पदवीचा मार्ग आधी तपासावा, आणि ती पदवी तिथे चालते का हे त्या संस्थेला ईमेल करून लेखी विचारावं.

परदेशी कागदच हवा असंही नाही. आपल्याकडे क्रीडा-फिटनेस क्षेत्राची कौशल्य परिषद आहे, तिची फिटनेस ट्रेनरची पात्रता राष्ट्रीय कौशल्य चौकटीत बसते. शाळा, सरकारी संस्था, एखाद्या योजनेतलं केंद्र अशा ठिकाणी जायचं असेल तर तो कागद आधी बघ. प्रशिक्षक व्हायचं असेल तर पटियाळ्याची राष्ट्रीय क्रीडा संस्था आहे. योगाकडे कल असेल तर आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाच्या पायऱ्या आहेत, प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टरपासून वर. लोणावळ्याचं कैवल्यधाम १९२४ पासून योगाचा शास्त्रीय अंगानं अभ्यास करतंय, ते तर आपल्या दारातच. आणि अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. हे सांगितलं की तुम्ही मुलं मान डोलावता आणि पुन्हा डॉलरचे दर बघायला लागता. आपले मुदगल एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांनी विलायतेला नेले, तिथे त्यांचे इंडियन क्लब झाले, आणि आता तेच फिरवायला शिकवणारी कार्यशाळा आपण कार्ड घासून घेतो. असो.

पैशांचं बोलू. कोर्सची किंमत म्हणून जो आकडा दिसतो तो अर्धाच असतो. परीक्षेची फी वेगळी आहे का, नापास झाल्यास पुन्हा बसायला किती, रिन्यूअलला किती, उशीर झाला तर दंड किती, आणि डॉलरमध्ये असेल तर बँक वरून किती टक्के घेते, हे लिहून काढ. काही खास विषयांच्या प्रमाणपत्रांना त्यांचं स्वतःचं रिन्यूअल असतं. तशी तीन गोळा केलीस की दरवर्षी कुणाला ना कुणाला पैसे भरत बसशील. माझं मत विचारशील तर दोन वर्षांत एकच मोठा विषय, आणि राहिलेले तास लहानसहान, स्वस्त, ऑनलाइन.

मालक कोर्सचे पैसे देतो म्हणाला तर आनंदानं घे, पण अट कागदावर घे. किती महिने बांधून राहायचं, मध्येच सोडलं तर किती परत द्यायचं. आणि मूळ प्रमाणपत्र कुणाच्याही कपाटात ठेवायला द्यायचं नाही. झेरॉक्स द्यावी, भिंतीवर लावायची असेल तर तीच लावावी.

पोषणाच्या कोर्सकडे सगळ्यांची धाव असते, कारण क्लायंट पहिल्याच दिवशी विचारतो, ‘मॅडम, डाएट?’ तो कोर्स जरूर कर. ताटात वरणाची वाटी वाढव, पोह्यांबरोबर अंडं किंवा उसळ घे, एवढं सांगता आलंच पाहिजे. पण किडनीच्या माणसाला प्रथिनांचा तक्ता लिहून द्यायचा नाही. आहारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट यांच्यासाठी २०२१ चा केंद्राचा कायदा आहे, नोंदणीची तरतूद आहे. आठ आठवड्यांच्या ऑनलाइन कोर्सनं आपण त्यांच्या रांगेत बसत नाही. ‘करेक्टिव्ह’ नावाच्या कोर्सचंही हेच. तो तुला हालचाल बघायला शिकवतो, खांदा का अडतोय याचं निदान करायला नाही. कोर्स संपल्यावर ‘आता तुम्ही वेदनामुक्ती तज्ज्ञ’ असं कुणी लिहून देत असेल तर तो तुला अडचणीत घालतोय. आणि पोषणाचा कोर्स सप्लिमेंट विकणारी कंपनी फुकट देत असेल, तर त्यातलं शेवटचं प्रकरण कशावर असणार हे मी सांगायला नको.

सीपीआर मी निवडीत धरतच नाही. ते दर दोन वर्षांनी करायचंच, आणि पुतळ्यावर हात ठेवून करायचं. मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रत्येक दाब निदान पाच सेंटिमीटर खोल. हे व्हिडिओ बघून येत नाही. दोन मिनिटांत दंड भरून येतात तेव्हा कळतं की दुसऱ्याला हाक का मारायची असते. नुसतं ऑनलाइन सीपीआर बऱ्याच संस्था रिन्यूअलला धरतही नाहीत. वर्ग करून आलीस की आपल्या जिममध्ये एईडी आहे का, असेल तर कुठल्या खोलीत आणि त्या खोलीची किल्ली कुणाकडे, हे विचार. किल्ली मालकाच्या खिशात असते, हा माझा अंदाज.

कोर्स चांगला आहे का हे विकणाऱ्याला विचारण्यात अर्थ नसतो. तो केलेल्या दोघांना फोन कर. ‘कसा होता?’ विचारलंस तर ‘मस्त’ म्हणतील. विचारायचं असं: कोर्स संपल्यावर सोमवारी सकाळी तू कुठल्या क्लायंटच्या सेशनमध्ये काय बदललंस? उत्तर लगेच आलं, नाव घेऊन आलं, तर पैसे वसूल. बराच वेळ थांबला तर समज. दुसरा प्रश्न, तुमच्या बॅचमध्ये नापास कुणी झालं का? कुणीच कधी होत नसेल तर ती हजेरीची पावती आहे. तिसरं, प्रत्यक्ष काम कोण तपासतं. व्हिडिओ मागवत असतील आणि त्यावर कुणी माणूस ओळीनं चुका लिहून पाठवत असेल, तर थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील.

दुबईला जायचं डोक्यात असेल तर सगळा क्रम उलटा कर. तिथे रेप्स यूएई नावाची ट्रेनरांची नोंदणी विचारली जाते. आधी त्यांच्याकडे कुठली प्रमाणपत्रं चालतात ते बघ, मग कोर्स घे. इथून तीन कोर्स करून जाणारी आणि तिथे पुन्हा पहिलीपासून सुरू करणारी मुलं मला माहीत आहेत. एजंटच्या सांगण्यावर कागद गोळा करायचे नाहीत, मालकाच्या ऑफर लेटरमध्ये काय मागितलंय ते वाचायचं.

वेळेचं म्हणशील तर जानेवारीत परीक्षेची तारीख घेऊ नकोस. नवीन वर्षाचे संकल्प घेऊन अख्खं गाव जिममध्ये येतं आणि तुझा वर्षाचा इन्सेंटिव्ह तिथेच बनतो. लग्नसराईच्या आधीही नको, नवरीमुली रांगेत असतात. पावसाची झड लागली की सकाळच्या बॅचची हजेरी पडते, ते दिवस अभ्यासाचे. दुपारी बारा ते चार हा तुझा रिकामा वेळ. तो झोपेत घालवायचा की पुस्तकात, हे तू ठरव. पहाटे साडेचारला उठणाऱ्या मुलीला मी झोपू नको असं म्हणणार नाही, पण आठवड्यातले तीन दिवस तरी पुस्तकाला दे.

आणि फॉर्म भरताना नाव पासपोर्टवर किंवा आधारवर आहे अक्षरशः तसंच लिही. ऑनलाइन परीक्षेत पलीकडचा माणूस कॅमेऱ्यावर ओळखपत्र धरायला लावतो आणि नाव जुळलं नाही तर बसू देत नाही, फी मात्र गेली. लग्न झालेल्या मुलींचं इथेच अडतं: आधारवर सासरचं आडनाव, पासपोर्टवर माहेरचं, जुन्या प्रमाणपत्रावर नुसतं पहिलं नाव आणि वडिलांचं. डिसेंबरात तुझं लग्न आहे. आडनाव बदलायचं की नाही ते तुम्ही दोघं ठरवा, पण परीक्षा त्याआधी देऊन टाक.